वाचक विचारतात: शकुंतलेवर पुस्तकच नाही, विषय बदलू का?

प्रश्न : मॅडम, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. इतिहासाच्या प्रकल्पासाठी ‘शकुंतला रेल्वे आणि आमच्या भागातला कापसाचा व्यापार’ हा विषय घेतला. मी दोन यूट्यूब व्हिडिओ, विकिपीडिया आणि वर्तमानपत्रांच्या तीन पुरवण्या दाखवल्या. सर म्हणाले, “हे चालणार नाही, लायब्ररीत जा.” तिथं या विषयावर एकही पुस्तक नाही. विषय बदलू का?
— एक विद्यार्थिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : अजिबात बदलू नकोस. तालुक्याच्या कॉलेजात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. “मॅडम, यावर पुस्तकच नाही” हे दर जानेवारीत ऐकायची. पुस्तक विषयाच्या नावानं मागितलं की रिकाम्या हातानं परतावं लागतं. आपला प्रश्न काय आहे ते सांगून मागावं.

तुझा प्रश्न काय? रेल्वेमुळे कापसाचा बाजार आला, की बाजार होता म्हणून रेल्वे आली? व्हिडिओत बहुतेक पहिलंच ऐकलं असशील. आता तारखा लाव. मुंबईकडची मोठी लाइन मूर्तिजापूरवरून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. शकुंतलेच्या वाटेवरच्या कारंजा लाडचा नियंत्रित, म्हणजे सरकारी नियमांनी चालणारा, कापूस बाजार १८८६ चा. यवतमाळ–मूर्तिजापूर ही छोटी लाइन, म्हणजे तुझी शकुंतला, १९०३ ची. म्हणजे बाजार आधी होता! हे एकदा दिसलं की प्रकल्पाला कणा मिळतो, आणि शोधायचं काय तेही कळतं.

म्हणून आधी गॅझेटिअर, म्हणजे सरकारनं छापलेलं जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक, उघड. यवतमाळ जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर १९०८ चं आहे, गाडी सुरू होऊन जेमतेम पाच वर्षं झाली तेव्हाचं. अशी जुनी गॅझेटिअर्स ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. शोधताना मात्र जुनी नावं टाक : यवतमाळ ‘येवतमाळ’ (Yeotmal) म्हणून सापडतं, अचलपूर ‘एलिचपूर’ (Ellichpur) म्हणून, आणि १९०५ च्या आधी तुझा जिल्हा ‘वून’ (Wun) या नावानं. कितीतरी मुलं फक्त स्पेलिंगपायी हात हलवत परतलेली मी पाहिली आहेत. आणि एक लक्षात ठेव, ते पुस्तक साहेबांनी कारभारासाठी लिहिलं. जिनिंगमध्ये सरकी झाडणारी बाई त्यात शोधू नकोस.

ती बाई तुझ्या गावात सापडेल. १९९४ पर्यंत या लाइनवर वाफेचं इंजिन धावलं, त्यामुळे आठवणारी माणसं अजून आहेत. “पराटीचा कापूस घरून निघाला की कुठं कुठं थांबायचा?” असं विचार. परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड कर. नाव, वय, गाव, तारीख लिहून ठेव. सालासाठी आठवणीवर विसंबू नकोस, जगण्यासाठी मात्र तिच्याइतका चांगला पुरावा नाही. आणि पत्र्याच्या पेटीत जुन्या अडत्याच्या पावत्या आहेत का, तेही बघ. माझ्याकडे एक मुलगी आजोबांची अशी पावती घेऊन आली होती : वजन, भाव, मग खाली अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय अशी एकाखाली एक कपात. त्या एका कागदावर तिनं सहा पानं लिहिली, आणि काय सुंदर लिहिली!

पुरवण्यांबद्दल सर बरोबर आहेत. ‘शकुंतलेचं भाडं अजून इंग्रज कंपनीला जातं’ हे तुला पन्नास ठिकाणी सापडेल, पण एकानं लिहिलेलं बाकीच्यांनी उचललं असेल तर तो पुरावा एकच धरायचा. अशा दाव्यासाठी संसदेच्या संकेतस्थळावर खासदारांचे प्रश्न आणि रेल्वेमंत्र्यांची उत्तरं शोध. त्या-त्या दिवशीची बातमी मात्र खुशाल घे. गाडी बंद झाली, आंदोलन झालं, याला वर्तमानपत्रच हवं.

विकिपीडियाचं पान वाच, पण संदर्भ म्हणून देऊ नकोस; त्याच्या तळाची यादी उतरवून घे. विद्यापीठांतले प्रबंध ठेवणाऱ्या ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर वऱ्हाडातल्या कापसावरचे पीएच.डी.चे प्रबंध शोध. एखादा सापडला तर त्याची संदर्भसूची आधी वाच.

परत लायब्ररीत जाशील तेव्हा ‘शकुंतला’ म्हणू नकोस. चिठ्ठीवर लिही : “वऱ्हाड, कापूस, बाजार आणि रेल्वे, १८६७ ते १९०८.” चिठ्ठी ग्रंथपालांच्या हातात दे, आणि कॉलेजला एन-लिस्टचं (कॉलेजांना ई-पुस्तकं आणि नियतकालिकं वाचायला देणाऱ्या सेवेचं) लॉगिन आहे का तेही त्याच वेळी विचार.