आडव्या वाऱ्यात जागा सोडू नकोस

वाचकांचे प्रश्न या सदरात या वेळी तीन पत्रं घेतलीत, तिन्ही इंदूरची आणि तिन्ही वाऱ्यात सायकल चालवण्याबद्दलची. जून आहे, पाऊस यायच्या आधी माळव्यात पश्चिमेचा वारा कसा सुटतो ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

प्रश्न: ताई, मी राजेंद्रनगरला राहते, वय 26, दोन वर्षं झाली रोडबाइक चालवतेय. मागच्या रविवारी बायकांची 40 किलोमीटरची हौशी रेस होती, लवकुश चौकातून उज्जैन रोडने सांवेरच्या अलीकडून वळून परत. आम्ही 18 जणी. जाताना सगळ्यांबरोबर आरामात होते, पण परत येताना उजवीकडून असा वारा सुरू झाला की पाच मिनिटांत पुढच्या सहा जणी निघूनच गेल्या आणि मी डाव्या कडेला एकामागे एक अशा लाइनीत अडकले, जीव तोडून पेडल मारतेय तरी गॅप वाढतोय. शेवटचे 12 किलोमीटर एकटी आले. वर नंतर एक जण म्हणाली, तू तर सगळी रेस आमच्या मागे लपून होतीस. माझी ताकद कमी पडली का? आणि मागे बसणं, म्हणजे दुसरीच्या आडोशाने चालवणं, चूक असतं का?

उत्तर: अगं ताकद नाही कमी पडली, जागा चुकली, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून नाही म्हणत.

आधी वारा करतो काय ते बघ. सपाट रस्त्यावर 30 च्या स्पीडला आपली बहुतेक मेहनत हवा कापण्यातच जाते, आणि हवेचा अडथळा स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे हवा दुप्पट वेगाने अंगावर आली की अडथळा चौपट. तू 25 ने चाललीयस आणि समोरून 20 चा वारा आहे तर तुझ्या छातीवर हवा 45 ने येतेय. अशा वेळी पुढचीच्या मागे नीट बसलं तर 25 ते 40 टक्के मेहनत वाचते, बारीक अंगाच्या मुलीला तर आडोसा जास्तच मिळतो. आणि जाताना सोपं गेलं कारण पहाटे वारा बहुधा पडलेला असतो, ऊन चढून जमीन तापली की वरचा जोराचा वारा खाली उतरतो. तुम्ही वळलात तोवर ते झालं होतं.

आता आडवा वारा. उजवीकडून वारा असला की आडोसा पुढचीच्या सरळ मागे नसतो, मागे आणि थोडा डावीकडे असतो. म्हणून पहिली उजव्या कडेला, दुसरी तिच्या किंचित मागे डावीकडे, तिसरी अजून डावीकडे, अशी तिरकी रांग लागते. याला एशेलॉन म्हणतात. पण रस्ता काही अमर्याद रुंद नाही, रेससाठी एक बाजू मिळालेली, त्यात सहा जणी बसल्या की डांबर संपलं! सातवीला तिरकं सरकायला जागाच नाही, ती सहावीच्या सरळ मागे, कच्च्या साइडपट्टीला लागून, गिट्टी आणि धूळ चाकाखाली, आणि वारा पूर्ण अंगावर. पुढचीचं चाक फुटावर दिसतंय आणि आडोसा शून्य. ती सातवी तू होतीस, किंवा नववी. तिथे तुझ्यापेक्षा दीडपट ताकदीची बाई असती तरी पाच-सात मिनिटांत सुटलीच असती.

म्हणून काम वाऱ्यात करायचं नसतं, वाऱ्याच्या आधी करायचं. रस्ता कुठे वळतो आणि तिथे वारा कुठल्या बाजूचा होईल हे आदल्या रात्रीच बघून ठेवायचं. हवामानात पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा, त्यामुळे उज्जैनकडे जाताना तो डावीकडून आणि परतताना उजवीकडून. (देवासकडे राइडला गेलीस तर टेकडीवरच्या पवनचक्क्या बघ, त्यांचं तोंड जिकडे तिकडून वारा.) मग यू-टर्नच्या दोन किलोमीटर आधी, सगळ्या गप्पा मारत पाणी पीत असतात तेव्हाच, हळूहळू पहिल्या पाचात ये. वळणावर सगळ्या स्लो होतात आणि जी आधी बाहेर पडते ती लगेच सीटवरून उठून जोरात पेडल मारते, दहाव्या नंबरवाली अजून ब्रेकवरच असते.

इथे मला एक मनापासून सांगायचंय. आपल्या बायकांच्या रेसमध्ये मी हे कायम बघते की कुणी बाजूला आली की आपण आपोआप जागा देतो, हँडल किंचित वळवून कडेला होतो, जा बाई तू आधी. घरात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत वर्षानुवर्षं तेच केलेलं असतं. रेसमध्ये नको करूस. धक्का द्यायचा नाही, रेषा सोडून वाकडं जायचं नाही, पण आपल्या रेषेत सरळ चालत राहायचं, हा तुझा हक्क आहे.

आणि तरीही सुटलीस तर त्या लाइनीत मान खाली घालून मरू नकोस. मागे वळून ओरड, "चला, दुसरी रांग लावू!" तुझ्यामागे तशाच तडफडणाऱ्या चार-पाच जणी असतात. त्यांची आपली वेगळी तिरकी रांग केली की पुढच्या सहा जणी फार लांब जात नाहीत, निदान घरी तरी एकट्या येत नाही. रांगेत पुढे आळीपाळीने राहायचं, तेही वीस-तीस सेकंदच, आपला नंबर आला म्हणून स्पीड वाढवायचा नाही, आणि मागे जाताना वाऱ्याच्या बाजूला सरकून मागे यायचं, म्हणजे तुझ्या केसमध्ये उजवीकडे. डावीकडे सरकलीस तर वर येणाऱ्या बाईवर जाशील.

एकाच गोष्टीची मला भीती वाटते. तिरक्या रांगेत तुझं पुढचं चाक पुढचीच्या मागच्या चाकाच्या बाजूला येतं, आणि चाकं घासली तर पडते ती मागची. मी बायपासवर अशीच पडले होते. झुळूक अचानक थांबली, मी वाऱ्यावर रेललेली होते तशीच उजवीकडे गेले, फर्र असा आवाज झाला आणि पुढच्या क्षणी कोपर डांबरावर. सात टाके. म्हणून चाकांमध्ये बाजूने हातभर अंतर ठेव, आणि रेसच्या आधी चार मैत्रिणी घेऊन रिकाम्या रस्त्यावर 20 च्या स्पीडने याची प्रॅक्टिस करा.

मागे बसणं चूक नाही गं. रोड रेस हा खेळच आडोशाचा आहे. बरोबर निसटलेल्या चार-पाच जणींत तू पुढे राहायचा तुझा नंबर चुकवलास तर लोक रागावतील आणि ते बरोबर आहे, पण 18 जणींच्या घोळक्यात मागे राहून दम वाचवला यात लाजायचं काय! उलटंही होतं बघ, 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाची ॲना किसेनहोफर, गणितात डॉक्टरेट, प्रोफेशनल टीम नाही, सुरुवातीलाच दोन-चार जणींबरोबर निसटली, शेवटचे 40 एक किलोमीटर एकटीने काढले आणि 137 किलोमीटरच्या रेसमध्ये सोनं घेतलं. मागच्यांना ती पुढे आहे हा हिशोबच राहिला नव्हता, दुसरी आलेली तर आपणच जिंकलो म्हणून हात वर करून आली. तेव्हा कधी मागे बसायचं आणि कधी जायचं हे ओळखणं म्हणजेच रेस खेळणं.

प्रश्न: माझं वजन 47 किलो. 50 एमएम उंच रिमचे सेकंडहँड कार्बन व्हील मिळतायत, घेऊ का? सुपर कॉरिडॉरवर वाऱ्यात सायकल हलते.

उत्तर: मागचं घे हवं तर, पुढचं नको. उंच रिम वाऱ्याला शिडासारखी लागते आणि पुढचं चाक हँडलला जोडलेलं, म्हणून झटका थेट हातात येतो. सुपर कॉरिडॉरवर तर मोठ्या कॅम्पसच्या इमारती संपल्या की एकदम मोकळं मैदान येतं, तिथे झुळूक थोबाडीत मारल्यासारखी बसते. इमारत संपायच्या आधीच ड्रॉप्स, म्हणजे हँडलचा खालचा वाकलेला भाग, धर, कोपरं ढिली, बोटं सैल. हँडल आवळून धरलंस की जास्त हलते. फडफडणारा टी-शर्ट मात्र आजच बदल, तो चाकांपेक्षा खूप स्वस्तात पडतो. आणि समोरच्या वाऱ्यात कंप्युटरवरचा स्पीड बघूच नकोस, एक गिअर हलका कर आणि पाय फिरत ठेव. एरवी 30 ने जाणारी बाई 20 च्या वाऱ्यात 19-20 वर येते. परतताना 42 मिळालं तरी भरपाई होत नाही, कारण वाऱ्याविरुद्धचे दहा किलोमीटर अर्धा तास खातात आणि पाठीच्या वाऱ्याचे चौदा मिनिटांत संपतात.

प्रश्न: माझी मुलगी 17 वर्षांची आहे, पुढच्या महिन्यात पहिली रेस. वारा, ट्रक, ऊन, मला झोप लागत नाही. पाठवू का? — एक आई, लोकमान्यनगर

उत्तर: काकू, पाठवा. पण प्रॅक्टिसला ट्रकच्या रस्त्यावर एकटी नको. आडव्या वाऱ्यात ट्रक शेजारून गेला की क्षणभर वारा अडतो आणि तो पुढे गेला की दुप्पट जोराने बसतो, नवी मुलगी तिथे दचकून वळते. पहाटे पाच-साडेपाचला मोकळ्या रस्त्यावर, दोघी-तिघी मिळून, मागे लाल दिवा लावून. आंधी दिसली, आभाळ पिवळट झालं की सरळ थांबायचं, पण झाडाखाली किंवा होर्डिंगखाली नाही. डोळ्यांना चष्मा हवाच, वेणी जर्सीच्या आत.

पाण्याचं जास्त लक्ष ठेवा. वाऱ्यात घाम लगेच सुकतो त्यामुळे आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही आणि पोरी पाणी पीत नाहीत. लिंबू-मीठ-साखरेच्या दोन बाटल्या द्या, आणि पोहे रेस सुटायच्या दोन तास आधी. ऑर्गनायझर परवानगी देत असतील तर तुम्हीच वळणाजवळ तिसरी बाटली घेऊन उभ्या राहा, ती तिथे स्लो होईलच. बाटली वरून दोन बोटांत सैल धरा, ती आली की तिच्या बरोबरीने चार पावलं पळा, आणि तिने हात लावला की लगेच सोडा.