वाचक विचारतात : अपंगत्व, कॅमेरा आणि आपलं पान

अपंगत्वासह जगताना ब्लॉग किंवा व्हिडिओ कसे सुरू करावेत, अशी विचारणा करणाऱ्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मला दिसत नाही. मराठीत ब्लॉग लिहायचाय. मित्राने टाईप करून दिलेली फाईल स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम) भलतंच काहीतरी वाचतो. असं का? – वि. ग., वाळपई

मित्राने बहुधा कृतिदेवसारखा जुना डीटीपी फॉन्ट वापरलाय. अशा फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी अक्षर दिसतं, पण फाईलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. स्क्रीन रीडर साठवलेलं वाचतो, दिसणारं नव्हे. असा मजकूर गुगलवर शोधूनही सापडत नाही. त्यामुळे युनिकोडच हवं, म्हणजे मराठी अक्षर फाईलमध्ये मराठी म्हणूनच साठवलं जातं. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून बदलता येतो, मात्र रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा सोडतात. प्रसिद्ध करण्याआधी एकदा संपूर्ण ऐका.

यापुढे मित्रावर अवलंबून राहायची गरज नाही. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडा आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका. त्यात प्रत्येक अक्षराची जागा पक्की असते : 'प्र' हवा तर एच, डी, जे, म्हणजे प, हलंत, र. रोमनमधून मराठी करणारे कीबोर्ड डोळसांना सोपे वाटतात, पण ते दर शब्दाला पर्याय सुचवतात आणि ते ऐकत बसण्यात वेळ जातो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. त्यातल्या ईस्पीक या बोलणाऱ्या प्रोग्रामला मराठी आवाज आहे. यंत्रासारखा आहे, पण वेगात ऐकायला बरा. फोनवर टेक्स्ट-टू-स्पीचच्या सेटिंगमध्ये मराठी आवाज उतरवून घ्या. नुसता इंग्रजी आवाज असेल तर देवनागरी बरेचदा वगळली जाते. बोलून लिहिताना इअरफोन लावा, नाहीतर टॉकबॅकचं, म्हणजे अँड्रॉइड फोनमधल्या स्क्रीन रीडरचं, बोलणंही माईकमध्ये शिरतं.

फोटो टाकलात तर त्याचं वर्णन लिहा. 'चतुर्थीचा फोटो' एवढ्याने भागत नाही. 'माटोळीला टांगलेले नारळ, तोरिंगणं आणि सुपारीचा घड, खाली गणपती' असं हवं. आणि इमोजींची रांग लावू नका, स्क्रीन रीडर त्यातला एकेक वाचून दाखवतो.

प्रश्न : मी व्हीलचेअरवर असते. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, फेरीबोट असे व्हिडिओ करायचे आहेत. पण दोन्ही हात चाकांवर असतात. फोन मांडीवर ठेवला की चित्र हलतं. – सु. ना., म्हापसा

फोन नळीला आवळून धरणारा क्लॅम्प घ्या, पण तो हातटेकूवर लावू नका. उचलता येणारा हातटेकू आधीच सैल असतो, चित्रात ती थरथर उतरते. सीटच्या बाजूच्या पक्क्या नळीवर, आतल्या अंगाने लावा. बाहेर आला तर दाराच्या चौकटीला आपटतो. क्लॅम्प घेण्याआधी नळीभोवती दोरा गुंडाळून घेर मोजा. घेर 69 ते 79 मिमी भरला तर नळी 22 ते 25 मिमी जाडीची. क्लॅम्प आणि नळीमध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, म्हणजे तो फिरत नाही आणि कंपही थोडा जिरतो. फोनचा दांडा 20 सेंमीपेक्षा लांब नको. लांबीबरोबर हलणं वाढतं.

चिऱ्यांच्या वाटेवर पुढची छोटी चाकं प्रत्येक सांध्यात आपटतात. तिथे वेग कमी करा, वाइड लेन्स वापरा आणि कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण (चित्राचं हलणं कमी करणारी सोय) चालू ठेवा. ऑप्टिकल स्थिरीकरणाच्या, म्हणजे लेन्सच हलवून चित्र स्थिर ठेवणाऱ्या, फोनला सततचा हादरा सोसत नाही, लेन्समधली यंत्रणा बिघडू शकते. रोज चित्रण असेल तर हादरा जिरवणारा रबरी डँपर लावाच.

कुणी मदतीला असेल तर त्यांना खुर्चीवर बसून शूट करायला सांगा. उभ्याने घेतलेल्या चित्रात प्रेक्षक तुमच्याकडे वरून बघतो, आणि 'बिचारी' ही कमेंट अर्धी तिथेच लिहिली जाते.

दाखवायचं काय? 'इथे व्हीलचेअर जाते' याचा कुणाला उपयोग नाही. टेप लावून दाराची रुंदी दाखवा. पायरीची उंची सेंमीत सांगा. रॅम्पचं प्रमाण 1:12 धरतात, म्हणजे 15 सेंमीच्या पायरीला 180 सेंमी लांब रॅम्प. दुकानदाराने फळी टाकून 'रॅम्प केलाय' म्हटलं तर फरक तुम्हीच मोजून दाखवू शकता. रायबंदर-चोडण फेरीच्या धक्क्यावर भरती-ओहोटीचं भान ठेवा. ओहोटीला उतरण जास्त वाटते आणि शेवाळ उघडं पडतं. ब्रेक चाक अडवतो, टायर घसरायचा थांबत नाही. मागून धरणारं माणूस हवंच, आणि कॅमेरा उतरणीवर जाण्याआधी चालू करून ठेवा.

आवाजासाठी कॉलर माईक हनुवटीखाली 15-20 सेंमीवर, वाऱ्यासाठी स्पंज चढवून. सबटायटल्स स्वतः लिहा, आपोआप आलेल्यांवर सोडू नका. सबटायटल्सची फाईल नोटपॅडमध्ये करत असाल तर सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-8 निवडा. एएनएसआय राहिलं की देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. ऐकू न येणाऱ्यांसाठी '(फेरीचा भोंगा)' असे आवाजही कंसात लिहायचे.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा, ऑटिस्टिक आहे. आमचे दिवस दाखवणारं चॅनल काढू का? – एक आई, फोंडा

ताई, तुमचं चॅनल काढा, त्याचं नको. औषधांच्या वेळा कशा सांभाळता, गर्दीच्या जत्रेला कानांवरचे मफ कसे वापरता, शाळेशी काय बोलता, हे त्याचा चेहरा न दाखवता सांगता येतं. तो अनावर झालेला असताना कॅमेरा बंदच हवा. त्या व्हिडिओला सर्वाधिक प्रेक्षक मिळतील, हीच खरी अडचण आहे : चार वर्षांनी तो व्हिडिओ वर्गातल्या मुलांच्या फोनवर फिरेल. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र), गणवेश, रिक्षाचा नंबर, घराचं फाटक चित्रात येऊ देऊ नका. फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. तो बोलत नसला तरी त्याला चित्र दाखवा. त्याने फोन ढकलला तर तो नकार समजा.

प्रश्न : घाणेरड्या कमेंट्सचं काय करू? आणि पैसे कधी मिळतात? – र. शे., काणकोण

यूट्यूब स्टुडिओत सेटिंग्जमधल्या कम्युनिटीत ब्लॉक करायच्या शब्दांची यादी असते. 'लंगडा', 'पांगळा' वगैरे देवनागरीत आणि रोमन स्पेलिंगांसह भरा. निम्म्या शिव्या रोमनमधूनच येतात. धमकी किंवा जाणूनबुजून केलेला अपमान असेल तर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट, लिंक, तारीख आणि वेळ जपा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 92 नुसार लोकांसमोर हेतुपुरस्सर अवमान केल्यास किमान सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड आहे. पोलिसांत जाताना कलमाचा आकडा लिहूनच न्या.

जाहिरातींचा वाटा मिळायला 1000 सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत 4000 तास पाहणं लागतं. ॲडसेन्समध्ये, म्हणजे जाहिरातींचे पैसे जमा होतात त्या गुगलच्या खात्यात, 10 डॉलर जमले की पत्ता पडताळणीचा पिन टपालाने येतो. पत्त्यात घर क्रमांक, वाडा आणि पोस्टाचं नाव नीट घाला, नुसतं 'काणकोण' लिहिलं तर पाकीट परत जाऊ शकतं. पैसे 100 डॉलर झाल्यावर सुटतात. कंपनीने फुकट गादी किंवा खुर्ची पाठवली असेल तर पेड प्रमोशनची खूण करा आणि व्हिडिओतही तोंडाने सांगा. औषधांची जाहिरात मात्र कुणी कितीही पैसे दिले तरी घेऊ नका.