रेंज नंतर बघा, आधी मीटर कोणाच्या नावावर आहे ते बघा

अंधेरी पूर्वेला गाळा, दहा पेट्रोल स्कूटर, दोन तीनचाकी टेम्पो, सगळं इलेक्ट्रिक करायचंय आणि प्रश्न काय, तर कुठल्या कंपनीची गाडी जास्त रेंज देते, म्हणजे एका चार्जिंगवर जास्त पळते. साहेब, मीही हेच विचारत फिरलो होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

रेंजचं सोपं आहे. ब्रोशरच्या आकड्यातून तिसरा हिस्सा वजा करा, माल भरलेला असेल तर अजून थोडं. बचतीचं गणित तुम्ही मांडलंच असेल.

खरा घोळ विजेचा. स्कूटरचा चार्जर पाऊण किलोवॉट धरा, टेम्पोचा तीन. सगळं रात्री एकदम लावलं तर साडेतेरा. जुन्या गाळ्यांना मंजूर भार (एका वेळी किती वीज ओढायची परवानगी) बहुतेक तीन ते पाच किलोवॉट, तोही सिंगल फेज. म्हणजे भारवाढ आणि थ्री फेज आलंच.

माझं तिथेच अडलं. मीटर आधीच्या मालकाच्या नावावर. वीज कार्यालयात गेलो (शहरात बेस्ट, उपनगरात अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपला महावितरण, माझं कुठलं ते विचारू नका) तर म्हणाले, आधी नावबदल, त्यासाठी सोसायटीची एनओसी. सोसायटीच्या सेक्रेटरींना बॅटरीच्या आगीची धास्ती. ते म्हणे आधी भार मंजूर झाल्याचा कागद दाखवा. दर खेपेला खिडकीवर नवा कागद निघायचा. कधी कराची पावती, कधी करारनामा, कधी सही जुळत नाही. पूर्ण यादी एकदाही कोणी हातात दिली नाही. इकडे डीलरने गाड्या दिल्या, हप्ते सुरू झाले, पेट्रोलच्या गाड्या विकून मोकळा झालेलो. वरात दारात आणि मांडवाचा पत्ता नाही! गाड्या चालवणारी पोरं आपापल्या चाळीत खिडकीतून वायर सोडून चार्जिंग करायला लागली, तेव्हा मात्र माझी झोप उडाली. तुम्ही ते अजिबात होऊ देऊ नका.

सुटलं कसं? अर्ज लेखी दिला, पोचेवर शिक्का घेतला, त्रुटी लेखी कळवा म्हणून पत्र दिलं. वीज नियामक आयोगाने अशा कामांना मुदती ठरवून दिल्यात, वर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. त्याचा नुसता उल्लेख केला तरी फाइल हलते, निदान माझी हलली. चार्जिंगसाठी वेगळा दर असतो, त्यामुळे वेगळं मीटर परवडतं असं माझं मत. मी इलेक्ट्रिशियन नाही की वकील नाही, तुमच्याकडचे नियम विचारून घ्या.

बॅटरी भाड्याने घेऊन स्वॅपिंगवर (संपलेली बॅटरी देऊन भरलेली घ्यायची) चालवा असं कोणी सांगेल. गाळाच नसेल तर ठीक. पण भाड्यात बचतीचा मोठा लचका जातो. कमी वेगाच्या, बिनपासिंगच्या स्कूटर स्वस्त पडतात म्हणून धंद्याला घेऊ नका, असं मी तरी म्हणेन. पासिंग करताना हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरंच आली पाहिजेत. पांढरी म्हणजे खाजगी, आणि माल वाहताना पकडली तर पावती तुमच्या नावाने फाटणार. डीलर घाईत हे हमखास चुकवतात.

आणि प्लग पॉइंट छातीच्या उंचीवर बसवा, प्रत्येक लाइनला ईएलसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच). जुलैत आपल्या गाळ्यांत पाणी कुठवर चढतं हे तुम्हाला सांगायला नको.