बालरोगतज्ज्ञ गावात येतात, टिकत का नाहीत?

प्रश्न : आमच्या ग्रामीण रुग्णालयात बालरोगतज्ज्ञाची जागा भरली की वर्षभरात पुन्हा रिकामी होते. पगार वाढवला, तरी तेच. आमचं काय चुकतंय? (व्यवस्थापन समितीचे सदस्य)

उत्तर : जागा एकच ठेवलीत, हे चुकतंय. एकटा बालरोगतज्ज्ञ म्हणजे बारा महिने, चोवीस तास ऑन कॉल. दिवसभर ओपीडी, आणि रात्री लेबर रूममधून फोन : ‘बाळ रडलं नाही, लगेच या.’ जन्मलेल्या 10 बाळांपैकी साधारण एकाला श्वास सुरू करायला काही ना काही मदत लागते, तीही पहिल्या मिनिटातच. मग हा माणूस गावाबाहेर पाऊल कधी टाकणार? अशा नोकरीला दुप्पट पगार दिलात तर तो फार तर दुप्पट दिवस टिकेल.

दुसरी जागा काढा. ती अर्धवेळ असली किंवा शेजारच्या रुग्णालयाशी ऑन कॉलची पाळी वाटून घेतली, तरी चालेल. रजेच्या काळात बदली डॉक्टर कोण, हे नेमणूकपत्रातच लिहा. आणि परिचारिकांना अंबू बॅग (बाळाच्या फुफ्फुसात हवा भरायची हाताने दाबण्याची पिशवी) व मास्क वापरायला शिकवा. ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा 2010 सालचा अभ्यासक्रम त्यासाठीच आहे. पहिलं मिनिट त्यांनी सांभाळलं, तर डॉक्टर घरून येईपर्यंत बाळ अडत नाही.

प्रश्न : माणूस शोधायचा कुठे?

उत्तर : गावात वाढलेल्यांत. ते गावाकडे परतण्याची शक्यता जास्त असते, म्हणून अशा विद्यार्थ्यांना वैद्यकीय प्रवेशात स्थान द्या, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. जपानमधलं जिची वैद्यकीय विद्यापीठ 1972 पासून प्रत्येक प्रांतातून मुलं निवडतं. शिक्षणाचा भार प्रांत उचलतो आणि पदवीनंतर साधारण 9 वर्षं आपल्याच प्रांतात सेवा करायची असते. नुसत्या सक्तीच्या बॉण्डवर मात्र माझा फारसा भरवसा नाही. मुदत संपण्याआधीच सामान बांधलेलं असतं. आणि मुलाखतीला जोडीदारालाही बोलवा. नकार बऱ्याचदा तिथूनच येतो.

प्रश्न : मला गावात काम करायचंय, पण एकटी पडेन, शिकलेलं विसरेन, ही भीती वाटते. (नवोदित बालरोगतज्ज्ञ)

उत्तर : भीती रास्त आहे. नवजात बाळाला श्वासनलिकेत नळी घालण्याची वेळ क्वचित आली, तर हात बसलेला राहत नाही. रुजू होण्याआधीच अट घाला : दरवर्षी मोठ्या रुग्णालयाच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काही आठवडे भरपगारी काम मिळावं. हक्काने फोन करता येईल असा एक ज्येष्ठही ठरवून घ्या. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये हेपॅटायटिस सी या यकृताच्या आजारासाठी ‘प्रोजेक्ट इको’ सुरू केला. त्यात दूरवरचे डॉक्टर आपले रुग्ण व्हिडिओवर तज्ज्ञांसमोर मांडतात. बालरोगासाठीही हीच पद्धत वापरता येते.

आणखी एक मागणी कराच : रेफर केलेल्या बाळाचं पुढे काय झालं, हे मोठ्या रुग्णालयाने कळवावं. एरवी ‘एवढा उशीर का केला?’ एवढंच ऐकू येतं, आणि त्यातून कोणी काही शिकत नाही.

प्रश्न : आम्ही पालक काय करू शकतो?

उत्तर : डॉक्टरांची झोप जपा. ताप असूनही मूल खेळत असेल, पीत असेल, तर बहुधा सकाळपर्यंत थांबता येतं. पण मूल दूध-पाणी घेत नसेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, झटके आले असतील, मूल उठवूनही नीट जागं होत नसेल किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल, तर रात्री दोन वाजताही बेधडक दार ठोठवा.