साडेचारशे सीसीची गाडी, कर्ज आणि लेहचा प्रवास

प्रश्न: मी निपाणीचा, वय 36, चिकोडी तालुक्यातील साखर कारखान्यात नोकरीला आहे. हातात येणारे वेतन 46 हजार, घरखर्च 32 हजार, सौहार्द संस्थेत (सहकारी पतसंस्थेत) साडेचार लाखांची ठेव. पुढच्या जुलैत, गळीत हंगाम नसताना, मित्रासोबत आपापल्या गाडीवर मनालीमार्गे लेहला जायचे आहे. दोन लाखांचे कर्ज काढून रॉयल एनफिल्डची हिमालयन 450 घ्यावी (ऑन-रोड सुमारे चार लाख), की सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स 250 रोखीने घ्यावी (सुमारे अडीच लाख)? पासिंग कोल्हापूरच्या नातेवाइकांच्या पत्त्यावर केले तर चालेल का?

उत्तर: नमस्कार. आपली इच्छा मनापासूनची आहे आणि ती पूर्ण व्हावी असेच मला वाटते. म्हणूनच हिशेब जरा बारकाईने मांडतो.

दोन्ही गाड्यांच्या भावातील तफावत केवळ इंजिनाची नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवर 18 टक्के, तर त्यावरील दुचाकींवर 40 टक्के जीएसटी लागतो, आणि कर्नाटकात लाखावरील दुचाकीला 18 टक्के जीवनकाल रस्ता कर वेगळा भरावा लागतो. पाच वर्षांचा सक्तीचा तृतीय पक्ष विमाही 2022च्या दरांनुसार 350 सीसीवरील गाडीला 15,117 रुपये, तर 250 सीसीच्या गाडीला 7,365 रुपये पडतो. रस्ता कर वाचवण्यासाठी कोल्हापूरचा पत्ता देण्याचा विचार मात्र सोडून द्यावा, कारण गाडी जिथे प्रत्यक्ष राहते तिथेच तिची नोंदणी व्हावी असा कायदा आहे.

दोन लाखांचे कर्ज 11 टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे 6,550 रुपये येतो आणि व्याजापोटी 35,700 रुपये जातात. दरमहा उरणाऱ्या 14 हजारांतील जवळजवळ निम्मी रक्कम त्यात अडकेल. उलट 250 रोखीने घेतली, तर साडेचार लाखांतून दोन लाख उरतात, म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च शाबूत राहतो. ही उरलेली रक्कम तरी बँकेत हलवावी, असा माझा आग्रह आहे. बँकेतील ठेवींना असलेले पाच लाखांचे विमासंरक्षण सौहार्द संस्थांतील ठेवींना मिळत नाही. आणि जो हप्ता भरण्याची आपली तयारी आहे, तेच साडेसहा हजार आवर्ती ठेवीत टाकल्यास वर्षभरात सुमारे 80 हजार जमतात; त्यातून पेट्रोल, मुक्काम, रायडिंग जॅकेट आणि चांगले हेल्मेट यांची सोय होते.

आता गाडीच्या गुणांविषयी. लेहपुढच्या खारदुंग ला या खिंडीत, 5,359 मीटर उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास उतरतो, त्यामुळे 40 पीएस (अश्वशक्ती) ताकदीची हिमालयन तिथे निश्चितच सरस ठरेल. मनाली-लेह रस्त्यावरील तांडीच्या पेट्रोल पंपावर पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. हिमालयनची 17 लिटरची टाकी तेवढ्याला पुरते, व्ही-स्ट्रॉमच्या 12 लिटरच्या टाकीसोबत मात्र पाच लिटरचा कॅन बांधावाच लागेल. पण हिमालयनचे वजन 196 किलो आहे, व्ही-स्ट्रॉमचे 167, आणि वितळलेल्या बर्फाच्या नाल्यात गोट्यांवरून गाडी सांभाळताना किंवा पडलेली गाडी उचलताना हे 29 किलो फार जाणवतात. शिवाय लेहचे ते पंधरा-वीस दिवस सोडले, तर आपली गाडी वर्षभर धावणार ती कारखान्याच्या वाटेवर आणि फार तर चोर्ला घाटात.

माझा कौल म्हणून 250ला आहे. मात्र पैसे भरण्यापूर्वी ओळखीच्या कोणाची तरी तीच गाडी मागून घ्यावी आणि सामान बांधून गडहिंग्लज-आजरामार्गे आंबोलीपर्यंत जाऊन यावे. त्या एका दिवसातच पाठ, मनगटे किंवा गुडघे तक्रार करू लागले, तर माझा हिशेब बाजूला ठेवून हिमालयनच घ्यावी, पण तीही कर्जाविना: लेहचा बेत एक वर्ष पुढे ढकलावा आणि तोपर्यंत आवर्ती ठेव चालू ठेवावी, कारण दोन वर्षांत तिच्यात दीड लाखाहून अधिक रक्कम जमते आणि दोन गाड्यांच्या किमतींतील फरक नेमका तेवढाच आहे.