वाचकांचे प्रश्न : रेझिनची गाडी घडवताना

गेल्या अंकात जुन्या, अनवट मोटारींच्या रेझिन किटबद्दल, म्हणजे ओतीव रेझिनच्या सुट्या भागांतून जोडायच्या छोट्या प्रतिकृतींबद्दल लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना इथे उत्तरे देतो. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात 31 वर्षे पॅटर्नमेकर होतो. लाकडाचा नमुना करायचा, त्यावरून साचा, साच्यातून ओतीव जॉब, हाच माझा धंदा. रेझिनच्या गाडीकडेही मी त्याच नजरेने पाहतो.

मुलाने परदेशातून टाट्रा 87 चे 1:43 किट (खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याचे) आणले. बॉडी टेबलावर नीट टेकत नाही, एक कोपरा दीडेक मिलिमीटर उचललेला राहतो. मागचा उभा पंखही वाकलाय. एवढे पैसे मोजून असा माल? परत पाठवावे का? — एक वाचक, पुणे

परत पाठवू नका. टाट्रा 87 म्हणजे चेकोस्लोव्हाकियातल्या कोप्रिव्हनित्से गावच्या कारखान्यातली, 1936 पासून निघालेली गाडी. हवेने थंड होणारे आठ सिलिंडरचे इंजिन मागे, समोर तीन दिवे, आणि पाठीवरून शेपटापर्यंत उतरलेला तो पंख. माझ्या लेखी त्या काळातली सर्वांत देखणी मोटार. अशी गाडी हातात आली आहे तर तिच्यावर आठ दिवस घालवायला हरकत नाही.

आधी पट्टी घ्या. खऱ्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर, 2850 मिलिमीटर, म्हणजे 1:43 मध्ये तो 66 च्या थोडा वर यायला हवा. लांबी 4740, ती 110 च्या आसपास. व्हीलबेस 65 च्या खाली भरला तर मला शंका येईल. काही लोक दुसऱ्याचे किट विकत घेऊन त्यावरूनच नवा साचा काढतात. रेझिन घट्ट होताना किंचित आकसते, त्यामुळे नकलेची नक्कल दर पिढीला बारीक होत जाते आणि कडाही बोथट होतात. मी एकदा असे किट घेऊन फसलो आहे. तेव्हापासून खोके उघडले की माझा पहिला हात पट्टीकडे जातो.

माप बरोबर असेल तर पुढचे सोपे. बॉडी कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडने, जुन्या टूथब्रशने धुवा. साच्यातून जॉब सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर अंगावर राहतो, आणि तो राहिला तर पुढे रंग पापुद्र्यासारखा सुटतो. मग चहाच्या पातेल्यात पाणी तापवा. बोट क्षणभरच टिकेल इतके गरम हवे, उकळते नको. बॉडी मिनिटभर बुडवा, बाहेर काढून सपाट काचेवर ठेवा, वरून हलका दाब द्या, आणि दाब तसाच ठेवून गार पाणी ओता. एका खेपेत कोपरा बसला नाही तर पुन्हा करा. पंखासाठी मात्र पूर्ण बॉडी बुडवू नका. फक्त शेपूट पाण्यात धरा, आणि पंख अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये हळूच सरळ करा. तो बोटात मऊ पडल्याचे आपोआप कळते. कळले नाही तर पाणी पुरेसे गरम नाही, जोर करू नका.

नंतर डोळे मिटून नख फिरवा. दोन अर्धे साचे जिथे भेटतात तिथली रेघ डोळ्याला दिसत नाही, नखाला अडते. फाउंड्रीत या सफाईला आम्ही फेटलिंग म्हणतो. 400 चा वॉटर पेपर, मग 800, आणि कायम पाण्यात भिजवून. रेझिनची कोरडी धूळ छातीत जाऊ देऊ नका, मास्क लावा. प्लॅस्टिक किटचा नेहमीचा गोंद, ज्याला सिमेंट म्हणतात, तो इथे चालत नाही, कारण तो प्लॅस्टिक विरघळवून जोडतो आणि हे रेझिन त्याने विरघळत नाही. धातूच्या बंपरला दोन भाग मिसळून लावायचा एपॉक्सी घ्या. पुढची काच तीन तुकड्यांची आहे, तिला पांढरा गोंद लावा, तो वाळला की पारदर्शक होतो. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने काचेवर धुके धरते. माझी एक काच अशी गेली, आणि तिच्या जागी दुसरी कापायला दोन संध्याकाळी लागल्या.

अशा गाड्या साध्या प्लॅस्टिक किटमध्ये का मिळत नाहीत? — एक वाचक, नागपूर

साच्यामुळे. प्लॅस्टिकच्या किटला पोलादी साचा लागतो. तो करायला मोठा खर्च येतो, म्हणून हजारोंनी खपेल तीच गाडी निवडतात. रेझिनला सिलिकॉन रबराचा साचा पुरतो. गणपतीच्या कारखान्यात रबरी साचे पाहिले असतील, तसाच. एक माणूस एका खोलीत तो करू शकतो. पण साधारण 25 ते 50 नग निघाले की साच्याच्या बारीक कडा फाटू लागतात. म्हणून किंमत जास्त. खोक्यातल्या प्रत्येक बॉडीमागे कुणीतरी स्वतः ओतून, सोडवून, तपासून दिलेला वेळ आहे.

मी घरीच पॉलियुरेथेन रेझिन ओततो. मार्चमध्ये जॉब छान आले. जुलैपासून प्रत्येक नग आतून जाळीदार, ब्रेडसारखा. — एक वाचक, रत्नागिरी

तुमचा हात बिघडलेला नाही, हवा बदलली. या रेझिनच्या दोन भागांपैकी ज्यात आयसोसायनेट असते तो पाण्याला फार हावरट. हवेतली वाफ त्याने ओढली की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि रेझिन घट्ट होता होता तोच वायू आत अडकतो. कोकणातल्या जुलैत डबा दहा मिनिटे उघडा राहिला तरी एवढे होऊ शकते. उघडलेला जुना डबा टाकून द्या, त्यातून आता चांगला जॉब निघणार नाही. पुढचा डबा लहान घ्या, झाकण लगेच लावा, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद पेटीत ठेवा. ढवळायला लाकडी काडी नको, लाकडात ओल असते, प्लॅस्टिकची घ्या. साध्या, बाहेरून शिरलेल्या बुडबुड्यांसाठी साच्यात आधी टाल्कम पावडर भुरभुरून झटकून टाका, म्हणजे रेझिन कोपऱ्यांत सहज शिरते. लॅकरचा रंगही पावसाळ्यात मारू नका, पांढुरका पडतो. खरे सांगायचे तर मी स्वतः जून ते सप्टेंबर ओतकाम बंद ठेवतो आणि नमुने कोरतो. आणि खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालूनच ओता. आयसोसायनेटची वाफ दम्याच्या माणसाला तर अजिबात नको.

आमच्या गावची 'मीरा' कुणी किटमध्ये काढली आहे का? — एक वाचक, इचलकरंजी

हे पत्र मी तीनदा वाचले. बाकीच्या वाचकांसाठी सांगतो : इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 1949 मध्ये स्वतःच्या हिमतीवर एक छोटी मोटार उभी केली, पुढची अनेक वर्षे ती सुधारत राहिले, आणि तिला मीरा नाव दिले. ती कारखान्यातून कधी निघाली नाही. माझ्या पाहण्यात तिचे किट आलेले नाही. मग तुम्हीच करा, मी मनापासून म्हणतो.

बाजूने सरळ काढलेला फोटो मिळवा. तिरका नको. टायरचा आकार कळला तर फोटोतले चाक हीच तुमची पट्टी, त्यावरून उरलेली सगळी मापे निघतात. पहिल्या कामाला 1:24 घ्या, 1:43 मध्ये दाराची फट कोरताना हात बसलेला लागतो. नमुना सागवानात कोरा, पण सागाचे रेषे रंगाखालूनही दिसतात, म्हणून प्रायमरचे चार-पाच थर द्या आणि प्रत्येक थर घासा.

ओतीव लोखंड गार होताना आकसते, म्हणून आमच्या नमुन्याला मीटरमागे सुमारे 10 मिलिमीटर वाढ द्यावी लागे, त्यासाठी वेगळी वाढीव पट्टीच असायची. कुणी जुना पॅटर्नमेकर ती पट्टी प्रेमाने देऊ करेल, ती घेऊ नका, रेझिनचे आकसणे अगदी थोडे, त्याला साधीच पट्टी वापरा. नमुना सुटावा म्हणून आम्ही भिंतींना उतारही देत असू, नाहीतर वाळू फुटायची. सिलिकॉन वाकतो, त्यामुळे बंपरखालचा खोबणीचा भागसुद्धा सरळ सुटतो. मीराच्या मडगार्डची गोलाई बिनधास्त आत वळवा.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की ओता. पहिला नग निघाला की व्हीलबेस मोजून मला कळवा, आणि सोबत ज्या फोटोवरून काम केले त्याची एक प्रत पाठवा.