नी वाजवताना टिन व्हिसल हातातून सटकते, काय करू? – माझं उत्तर

तुम्ही लिहिलंय की खालचे सूर नीट लागतात पण नी आला की व्हिसल (सहा भोकांची, टोकाकडून फुंकायची छोटी बासरी) डुगडुगते, पडेल या भीतीने ती दातात धरता आणि थोड्या वेळात अंगठे दुखायला लागतात. मी बरीच वर्षं वाजवतोय आणि सुरुवातीचे कितीतरी महिने मीही हेच करत होतो, माझ्या पहिल्या व्हिसलच्या प्लास्टिकच्या तोंडावर अजून दातांचे वण आहेत. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी हे का होतं ते बघा. डी ची व्हिसल (जिचा सगळ्यात खालचा सूर पाश्चात्त्य डी, तोच आपला सा) घेतली तर सहाही भोकं बंद म्हणजे सा, मग खालच्या टोकाकडून एकेक बोट उचलत रे, ग, म, प, ध, आणि सगळी बोटं उचलली की नी (म्हणजे सी शार्प). सा ला वरून सहा बोटं आणि खालून दोन अंगठे, नळी हलणार कुठे! नी ला मात्र वरून एकही बोट नाही, मागे अंगठ्यासाठी भोकही नाही, म्हणजे नळी नुसती अंगठ्यांवर आणि ओठांवर. आपण घाबरून अंगठे आणखी जोरात दाबतो, त्याने नळी उलट वर उडते, कारण वरून दाबायला कोणी नाहीच.

तेव्हा वरून एक टेकू द्यायचा, तो म्हणजे उजव्या हाताची करंगळी. शेवटच्या भोकाच्या खाली नळीचा जो मोकळा भाग आहे तिथे ती अलगद ठेवायची आणि शक्यतो उचलायचीच नाही. उजवा अंगठा खालून, साधारण तर्जनी आणि मधल्या बोटाच्या समोर. डावा अंगठाही तसाच, वरच्या दोन भोकांच्या मागे. आता ओठ, खालून अंगठे आणि वरून करंगळी एवढ्यावर नळी उभी राहते आणि सहा बोटांना फक्त भोकं झाकायचं काम उरतं. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे, धरणारी बोटं वेगळी आणि वाजवणारी वेगळी. वाजवणाऱ्या बोटांनीच धरायला गेलात की ती आखडतात आणि वेग कधीच येत नाही.

करंगळी पोचत नसेल तर दुसरा उपाय, ध आणि नी वाजवताना उजव्या हाताची अनामिका सहाव्या भोकावर तशीच ठेवा. बहुतेक व्हिसलवर या दोन सुरांत त्याने फारसा फरक पडत नाही, तरी तुमच्या व्हिसलवर एकदा ट्यूनर (सूर बरोबर लागतोय का ते दाखवणारं यंत्र) लावून बघा. नी वरून वरच्या सा ला जाताना याचा खूप फायदा होतो, एरवी तिथे रिकाम्या नळीवर पाच-सहा बोटं एकदम आणून बसवावी लागतात आणि एखादं भोक अर्धवट उघडं राहून चिरका आवाज येतो.

दात मात्र सोडा, अगदी आजपासून. तोंडाचा भाग ओठांनी अलगद मिटायचा, दातांना लागू द्यायचा नाही. दातात धरलं की जबडा आवळतो, मान ताठते आणि फुंकेवरचा ताबा जातो, आणि व्हिसलमध्ये कुठलं सप्तक लागणार हे फुंकेच्या जोरावरच ठरतं.

वाजवून झालं की लगेच बोटांच्या पेरांकडे बघा. भोकांचे गोल ठसे उमटलेले असतात. ते फिके आणि पूर्ण गोल असतील तर उत्तम. खोल, लालसर असतील तर दाबताय जास्त, आणि चंद्रकोरीसारखे अर्धेच असतील तर भोक नीट झाकलं जात नाहीये. बोटाचं टोक नाही, पेराचा मऊ भाग भोकावर यायला हवा. मला हे ठसे बघूनच कळलं की माझी डावी अनामिका कायम तिरकी पडायची.

रोज पाच मिनिटं एवढंच करा: सा धरा, मग न फुंकता सहाही बोटं एकदम उचला, नळीपासून जेमतेम सेंटीमीटरभर, आणि दहापर्यंत मोजा. नळी जागची हलली नाही तर परत खाली आणा. जमलं की फुंकून प, ध, नी, सा असं सावकाश वरखाली.

घामाने घसरत असेल तर हात धुवून नळी कोरडी पुसा, तरी नाहीच थांबलं तर उजव्या अंगठ्याच्या जागी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा, आवाजाला काही होत नाही. आणि हे सगळं नेहमीच्या छोट्या व्हिसलबद्दल हं, लो डी (एक सप्तक खालची मोठी व्हिसल) घेतलीत तर ती जवळपास दुप्पट लांब, भोकंही लांब लांब, तिथे बोटं सपाट ठेवून काही भोकं मधल्या पेराने झाकावी लागतात. ती घ्याल तेव्हा विचारा, लिहीन.